काच आतून धुसर की बाहेरून? हिवाळ्यात गाडीच्या काचा आणि दिवे स्वच्छ ठेवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बर्फ पडणाऱ्या भागातला पहिलाच हिवाळा. सकाळी गाडी काढली की पुढची काच आतून वाफ धरते, फडक्याने पुसली तरी पाच मिनिटांत पुन्हा तेच. परवा चालत्या गाडीत वॉशर मारला तर फवारलेलं पाणी काचेवरच गोठलं आणि काही क्षण समोरचं काहीच दिसेना. त्यात सिग्नलला शेजारी थांबलेल्या एका चालकाने काच खाली करून सांगितलं, की तुमचे मागचे दिवे दिसतच नाहीयेत. हीटर तर पूर्ण चालू असतो, मग चुकतंय कुठे?

वीसहून जास्त हिवाळे मी बर्फाळ रस्त्यांवर गाडी चालवली आहे, आणि त्यातली बरीच वर्षं गाड्या दुरुस्तही केल्या आहेत. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: पाणी. आत त्याची वाफ होते, बाहेर दहिवर, म्हणजे गोठलेलं दव होतं, दिव्यांवर ते चिखलबर्फ होऊन बसतं. हीटर म्हणजे त्यावरचा अर्धाच इलाज. पाणी कुठून येतंय आणि काचेच्या कुठल्या बाजूला बसतंय, हे आधी कळलं पाहिजे.

म्हणून काच धुसर दिसली की आधी बोट लावा. आतून रेघ ओढली आणि त्या रेघेतून स्वच्छ दिसलं, तर पाणी आतलं. रेघ उमटलीच नाही, तर ते बाहेरचं, आणि त्याला वायपर लागतो. तासभर गारठ्यात उभी असलेली गाडी दमट बोगद्यात किंवा उबदार तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरली की काच एकदम बाहेरून वाफ धरते. अशा वेळी घाबरून आतून पुसत बसलेले चालक मी कितीतरी पाहिले आहेत. वायपरचा एक फेरा मारला की काम होतं.

तुमचं पाणी आतलं आहे, तेव्हा आधी त्याकडे वळू. २० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण १७ ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा शून्य अंशाला आली की जेमतेम ५ ग्रॅम. गाडीतली ऊबदार, दमट हवा गार काचेला टेकली की उरलेलं पाणी तिथेच सोडते. आणि हे पाणी येतं कुठून? बरंचसं आपल्यातूनच. श्वास आणि त्वचा मिळून एक माणूस तासाला साधारण ३० ते ५० ग्रॅम पाणी हवेत टाकतो. गाडीत चार जण असतील तर तासाभरात जवळजवळ पेलाभर पाणी. ते बाहेर गेलं नाही तर काचेवर बसणारच. त्यात बुटांना चिकटून आलेला बर्फ, ओले कोट, मागच्या सीटवर टाकलेली ओली छत्री यांची भर.

इथेच बहुतेकांची चूक होते. थंडी वाजते म्हणून हवा आतल्या आत फिरवायचं बटण, म्हणजे रीसर्क्युलेशन, दाबून ठेवतात. गाडी लवकर तापते हे खरं, पण मग तेच बाष्प आत घुमत राहतं. ते बटण बंद करा, बाहेरची हवा येऊ द्या. बाहेर बर्फ पडत असताना बाहेरची हवा कोरडी कशी, असं वाटेल. पण उणे ५ अंशाची हवा कितीही दमट असली तरी तिच्यात घनमीटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपासच पाणी असतं. हीटरमधून जाऊन ती २० अंशांची झाली की खडखडीत कोरडी होते आणि काचेवरचं पाणी शोषून घेते. कडाक्याच्या थंडीत याहून चांगलं वाळवणी यंत्र नाही.

दुसरी गोष्ट एसीची. हिवाळ्यात एसी कशाला, म्हणून लोक तो ऑक्टोबरात बंद करतात तो थेट उन्हाळ्यात चालू करतात. एसीचं थंडगार इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा गार करणारा भाग, हवेतलं पाणी स्वतःवर गोळा करतं आणि ते नळीवाटे गाडीखाली टाकतं. पुढे हीटर हीच हवा गरम करतो. एसी आणि हीटर एकत्र चालवणं म्हणजे परस्परविरोधी काम नव्हे. एक हवा वाळवतो, दुसरा तापवतो. म्हणूनच बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या डिफ्रॉस्टचं, म्हणजे काच तापवून मोकळी करायचं बटण दाबलं की एसी आपोआप सुरू होतो. बाहेर तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली गेलं की कॉम्प्रेसर सहसा स्वतःच थांबतो, तो बिघाड नाही. तेव्हा बाहेरची हवाच पुरेशी कोरडी असते. खरी कसोटी असते ती २ ते १० अंशांच्या मधल्या पावसाळी थंडीत. हवा ओली आणि काच गार. हिमवादळापेक्षा अशा दिवसांत काचा जास्त त्रास देतात, आणि तेव्हाच एसी सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. एसी चालू असताना मध्येच बंद केला, तर इव्हॅपोरेटरवर साचलेलं पाणी हीटरकडे जाणाऱ्या हवेत मिसळतं आणि काच भसकन धुसर होते. वेगात असताना हे झालं तर जीव घशाशी येतो. म्हणून थंडी-पावसाच्या प्रवासात एसी सुरू केला की मुक्कामाला पोहोचेपर्यंत सुरूच राहू द्या. इंधन थोडं जास्त जाईल, जाऊ दे.

गाडी सुरू केल्यावरची पहिली दोन मिनिटंही अशीच नाजूक. इंजिन गार, ब्लोअरमधून येणारी हवा गार, आणि रात्रभर आत अडकलेली ओल. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली घ्या. हात गारठतील, पण आतली दमट हवा बाहेर पडेल. मात्र काच चौकटीला गोठून चिकटली असेल तर बटण दाबू नका. मोटर किंवा काच ओढणारी तार तुटते. तेव्हा सरळ दार उघडून अर्धा मिनिट तसंच ठेवा.

हे सगळं करूनही काच पुन्हा पुन्हा वाफ धरत असेल तर दोन शक्यता उरतात: काच मळलेली आहे, किंवा गाडीत कुठेतरी पाणी साचलेलं आहे.

मळ म्हणजे चिखल नव्हे. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उन्हाळाभर सूक्ष्म तेलकट वाफ निघते आणि काचेच्या आतल्या बाजूला पातळ थर बसतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलय पसरलं की समजावं. या थरावर पाण्याचे बारीक थेंब फार सहज धरतात. हाताने वाफ पुसली तर तळव्याचं तेल त्यात मिसळतं आणि पुढच्या वेळी वाफ नेमकी त्याच जागी उमटते. तुमचं "पुसलं तरी पाच मिनिटांत पुन्हा" यातलंच असू शकतं.

साफ करायची माझी पद्धत सांगतो. मायक्रोफायबरची दोन फडकी घ्यायची, एक किंचित ओलं, एक पूर्ण कोरडं. काच साफ करायचा द्रव काचेवर न फवारता फडक्यावर फवारायचा, म्हणजे डॅशबोर्डवर ओघळत नाही. तेलकटपणा जास्त असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगलं काम करतं. काचांवर फिल्म लावलेली असेल तर अमोनिया असलेला द्रव वापरू नका, फिल्म खराब होते. आतून उभं पुसायचं, बाहेरून आडवं; नंतर डाग राहिला तर त्याच्या दिशेवरून कळतं की तो कुठल्या बाजूचा. सर्वांत अवघड जागा म्हणजे डॅशबोर्ड आणि काच जिथे भेटतात तो खालचा कोपरा. तिथे तळवा पोहोचत नाही. फडकं बोटांभोवती गुंडाळून हात पालथा करा, बोटांची पाठ काचेला लागू द्या, म्हणजे थेट टोकापर्यंत जाता येतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा हे नीट केलं आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी हात फिरवला की पुरतं. दाढीचा फेस चोळण्याचा उपाय बरेच जण सांगतात. तो काही दिवस चालतो, पण मागे ठेवलेली धुरकट झाक रात्री त्रास देते. मी तो वापरत नाही.

साचलेल्या पाण्याचा शोध मात्र हातांनीच घ्यावा लागतो. एक गाडी माझ्याकडे आली होती, तक्रार तुमच्यासारखीच. मालकांनी केबिनचा फिल्टर बदलला होता, काचा धुतल्या होत्या, एसी तपासून घेतला होता. मी पुढच्या डाव्या सीटसमोरची चटई उचलली. वरून गालिचा कोरडा वाटत होता. अंगठा दाबून धरला तशी नखाभोवती पाण्याची कड उमटली. खालचा फोम पाण्याने भरलेला होता. सनरूफच्या कडेने पाणी वाहून नेणारी बारीक नळी पानांच्या काल्याने तुंबली होती, आणि कित्येक महिने प्रत्येक पाऊस थोडा थोडा आत झिरपत होता. अशी गाडी कितीही तापवा, ती आतून ओलच सोडत राहणार. नळी मोकळी केली, गालिचा उचलून आठवडाभर वाळवला, तेव्हा काच ताळ्यावर आली. म्हणून चारही जागच्या चटया उचलून गालिचा दाबून बघा, आणि डिकीत स्टेपनीचा खळगाही बघा. तिथे पाणी साचलेलं पुष्कळदा सापडतं.

काचेवरचा थर पुसल्यावर चिकट लागला, गोडसर वास आला आणि कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची पातळी हळूहळू उतरत असेल, तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर, म्हणजे त्या द्रवाच्या उष्णतेने हवा तापवणारा भाग गळतोय. तिथे फडक्याचा उपयोग नाही, लवकरात लवकर गॅरेज गाठा. केबिन फिल्टर तुंबला असेल तर ब्लोअर जोरात वाजतो पण हवा येत नाही; तो बदलणं सोपं आहे. आणि पुढच्या काचेच्या बुडाशी, बॉनेटलगत, हवा आत घेणारी जाळी असते. तिच्यावर बर्फ किंवा पाचोळा राहिला तर आत हवा येणार कुठून? बर्फ झटकताना ती जागा हटकून मोकळी करा.

मागची काच वेगळी. तिच्यातल्या आडव्या रेघा म्हणजे आतून छापलेले वीजवाहक पट्टे. बटण दाबल्यावर चांगलीच वीज खातात, म्हणून बहुतेक गाड्यांत दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतात. ते पट्टे आतल्या बाजूला उघडे असतात. त्यांच्यावर पातं, खरवडणी काही चालवू नका, आणि पुसताना रेघांच्या दिशेनेच पुसा. काच सुटताना, म्हणजे वाफ निघून मोकळी होताना, एकच आडवा पट्टा धुसर राहिला तर ती रेघ कुठेतरी तुटली आहे. वीजवाहक रंगाचा ठिपका देऊन ती जोडता येते. पुष्कळ गाड्यांत याच बटणावर बाजूचे आरसेही तापतात.

आता बाहेरची बाजू. बाहेरचं तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही सकाळी काचेवर दहिवर दिसतं, याचं अनेकांना नवल वाटतं. निरभ्र रात्री काच आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडते आणि आसपासच्या हवेपेक्षाही गार होते. पुढची काच तिरकी, आकाशाकडे तोंड केलेली, म्हणून तिच्यावर सर्वांत जास्त. बाजूच्या उभ्या काचांवर कमी. कारण कळलं की उपाय आपोआप सुचतो: काच आणि आकाश यांच्यामध्ये काहीतरी आलं पाहिजे. छप्पर, झाड, अगदी जवळची भिंतसुद्धा फरक पाडते. ते नसेल तर पुढच्या काचेवर चादर किंवा जाड पुठ्ठा टाका आणि दारांत अडकवा. मात्र ते कोरडं हवं, ओलं कापड काचेलाच गोठून बसतं. बाजूच्या आरशांवर पिशव्या चढवा. आणि रात्री गाडी लावताना जमलं तर तोंड पूर्वेला करा. सकाळचं कोवळं ऊन फुकट काम करून जातं.

दहिवर आतूनही धरतं, आणि ते जास्त छळतं, कारण आतून खरवडता येत नाही. त्यावर उपाय आदल्या संध्याकाळीच करायचा. घरी पोहोचल्यावर इंजिन बंद करण्याआधी हीटर कमी करा, बाहेरची हवा घ्या, आणि उतरताना सगळी दारं मिनिटभर उघडी ठेवा. गाडीतली ऊबदार, ओली हवा निघून जाते, थंड कोरडी हवा आत येते. चटयांवरचा बर्फ झटका. रात्री आतून धरायला मग पाणीच उरत नाही.

सकाळचा क्रम असा ठेवा. गाडी सुरू करा, हवा पुढच्या काचेकडे, ब्लोअर मध्यम, मागची काच तापवायचं बटण चालू. मग ब्रश घेऊन आधी टप. टपावर दहा सेंटीमीटर ताजा बर्फ म्हणजे दहा-वीस किलो वजन सहज. पहिल्या जोरदार ब्रेकला तो सगळा घसरून तुमच्याच पुढच्या काचेवर येतो, नाहीतर उडून मागच्याच्या काचेवर आदळतो. मग बॉनेट, मग काचा, शेवटी दिवे आणि नंबरप्लेट. खरवडणी प्लास्टिकची घ्या. लोखंडी पातं, चावी, कार्ड यांनी काचेवर ओरखडे पडतात आणि रात्री समोरचा प्रकाश त्यांच्यावर फुटतो. आधी सैल बर्फ ब्रशने काढा, मगच खरवडा, नाहीतर बर्फातली वाळू तुम्हीच काचेवर घासता.

टिचभर झरोका खरवडून निघायचं नाही. पुढच्या काचेचा खांब आधीच एक माणूस लपेल एवढी जागा अडवतो. त्याच्या शेजारचा गोठलेला कोपरा त्यात मिळाला की रस्ता ओलांडणारं मूल पूर्ण नाहीसं होतं. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. काच सुटेल जाता जाता, हा हिशेब इथे चालत नाही.

गरम पाणी ओतायचं नाही, हेही सांगून ठेवतो. गार काचेला अचानक उष्णता लागली की ती असमान प्रसरण पावते आणि तडकू शकते. शिवाय ओघळलेलं पाणी वायपरखाली आणि दाराच्या रबरांत पुन्हा गोठतं. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा थर. तिच्यावर खड्याची बारीकशी टिचकी असेल तर हिवाळ्याआधी भरून घ्या. टिचकीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, वरून डिफ्रॉस्टची उष्णता, आणि एका सकाळी ती टिचकी काचभर धावते. काच घट्ट गोठली असेल तर दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी यांचा फवारा मारून दोन मिनिटं थांबा, मग खरवडा.

इंजिन सुरू ठेवून खरवडायचं असेल तर गाडी उघड्यावरच हवी. बंद गॅरेजमध्ये कधीही नाही. रात्री खूप बर्फ पडला असेल तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बर्फात बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, आणि त्याला ना वास ना रंग. विजेची गाडी असेल तर हा प्रश्नच नाही. चार्जरला लावलेली असतानाच ती ठरल्या वेळी आतून तापवून ठेवता येते, काच सुटते आणि बॅटरीही खर्च होत नाही.

तुमच्या वॉशरकडे येतो, कारण तिन्हींत सर्वांत धोक्याचं तेच. टाकीत साधं पाणी किंवा उन्हाळी द्रव असेल तर गोठणार, हे उघड आहे. पण हिवाळी द्रव भरूनही असं होतं, आणि तेव्हा लोक दुकानदाराला दोष देतात. होतं काय, की या द्रवात अल्कोहोल असतं, तेच त्याला गोठू देत नाही. काचेवर पातळ थर पसरला आणि त्यावरून वेगाचा गार वारा गेला की अल्कोहोल आधी उडून जातं, जाताना काचेची उष्णताही नेतं, आणि मागे उरलेलं पाणी डोळ्यांदेखत पांढरं होतं. डब्यावरचा उणे २० हा आकडा टाकीतल्या द्रवाचा असतो, काचेवरच्या थराचा नव्हे. म्हणून तुमच्या भागात जितकी थंडी पडते तिच्यापेक्षा दहा अंश तरी जास्त सोसणारा द्रव घ्या, आणि पुरवठा वाढावा म्हणून त्यात पाणी मिसळू नका. वॉशर मारण्याआधी काच हीटरने नीट तापलेली हवी. निघाल्यावर पहिल्या किलोमीटरमध्ये वॉशर मारायचाच नाही. काच अशी गोठलीच तर वेग हळूहळू कमी करा, ब्लोअर पूर्ण काचेकडे वळवा, वायपर चालू राहू द्या. पुन्हा पुन्हा फवारू नका, प्रत्येक फवाऱ्याने थर वाढतो.

हंगाम बदलताना टाकीतला जुना द्रव संपवून नवा भरा आणि तो नोझलमधून बाहेर येईपर्यंत वॉशर चालवा. टाकीतला द्रव बदलला तरी नळ्यांत जुनंच पाणी राहतं, आणि मागच्या काचेकडे जाणारी नळी तर गाडीभर लांब असते. आत गोठलेलं असताना बटण दाबत राहिलात तर फ्यूज किंवा पंप जातो. इंजिनचं कूलंट यात चुकूनही घालू नका. काच बरबटते, आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल माणसांना आणि जनावरांना विषारी आहे. काही वॉशर द्रवांत मिथेनॉल असतं, तेही विषच. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. मीठ टाकलेल्या रस्त्यावर पुढच्या गाडीचा फवारा काचेवर वाळून पांढरा पडतो, आणि सूर्य समोर खाली असेल तर त्या पांढऱ्यातून काहीच दिसत नाही. अशा दिवशी टाकी बघता बघता संपते. डिकीत एक भरलेला डबा असू द्या.

मुळात वायपरचा जन्मच अशा हवामानातून झाला. न्यूयॉर्कमध्ये ट्रामचा चालक गारठ्यातल्या बर्फाळ पावसात समोरची काच उघडी टाकून गाडी हाकतोय, हे मेरी अँडरसन यांनी पाहिलं आणि आतून दांडा फिरवून बाहेरची काच पुसणाऱ्या यंत्राचं पेटंट १९०३ मध्ये घेतलं. आपल्याला मात्र तो वायपर हिवाळ्यात जपावा लागतो. गाडी बंद करण्याआधी वायपर बंद करा, स्वयंचलित असेल तर त्याचा खटकाही. नाहीतर सकाळी चावी फिरवताच गोठलेलं पातं उठायला जातं आणि रबर फाटतं, किंवा मोटरचा फ्यूज उडतो. रात्री वायपर उभे करून ठेवावेत का? वारा नसेल तर ठीक. वारा असेल तर ते आपटून काच फुटू शकते, त्यापेक्षा पात्यांखाली पुठ्ठा घाला. आठवड्यातून एकदा अल्कोहोल लावलेल्या फडक्याने रबराची कड पुसा. फडक्यावर उमटणारी काळी रेघ बघून कळेल की काचेवर रेघोट्या का उठत होत्या.

आता दिवे. काच मळली की आपल्याला कळतं, दिवा मळला की कळत नाही, कारण त्याची गैरसोय दुसऱ्याला होते. त्या चालकाने काच खाली केली नसती तर तुम्हाला कदाचित हिवाळाभर कळलं नसतं.

मागचे दिवे का झाकले जातात? चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेला चिखलबर्फ त्या पोकळीत ओढला जाऊन गाडीच्या पाठीवर बसतो. हॅचबॅक आणि एसयूव्हीसारख्या सपाट पाठीच्या गाड्यांत हे सर्वांत जास्त. म्हणून तर त्यांच्या मागच्या काचेला वायपर देतात. दिव्यांना मात्र कोणी देत नाही. त्यात एलईडीची भर पडली. जुना हॅलोजन हेडलाइट ५५ वॉटचा, त्यातली बरीच उष्णता पुढे काचेकडे जायची आणि बर्फ आपोआप वितळायचा. एलईडी कमी वीज घेतो आणि त्याची उष्णता मागच्या बाजूला, धातूच्या पट्ट्यांतून काढून टाकलेली असते. समोरची काच गारच राहते आणि ओला बर्फ तिच्यावर थापला जातो. प्रकाश कमी होतोच, शिवाय मळातून विखुरलेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. याच कारणाने संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत डिपरचा प्रकाशस्रोत २००० ल्युमेनपेक्षा (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जास्त असेल तर हेडलाइट धुण्याची सोय सक्तीची केलेली आहे.

हेडलाइटचं आवरण आजकाल काचेचं नसतं, पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचं असतं, आणि त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ लेप असतो. खरवडणीने तो लेप जातो आणि आवरण पिवळं पडायला लागतं. तिथे मऊ ब्रश, ओलं फडकं, फार तर अल्कोहोल-पाण्याचा फवारा. ॲसिटोन किंवा थिनर अजिबात नको, आवरणाला बारीक भेगा पडतात. दिव्याच्या आत थोडी धुसर वाफ दिसून दिवा लावल्यावर जात असेल तर चिंता नको. तळाशी पाणी साचत असेल तर सील गेलं आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे आणि ती तपासाच. बऱ्याच गाड्यांत दिवसा फक्त पुढचे दिवसाचे दिवे लागतात, मागचे लागतच नाहीत. डॅशबोर्ड उजळलेला असतो म्हणून चालकाला वाटतं सगळे दिवे चालू आहेत. ऑटोवर ठेवलेला खटका उजेड मोजतो, धुकं किंवा बर्फ नव्हे. पांढऱ्याफटक दुपारी त्याला भरपूर उजेड दिसतो आणि तो दिवे लावत नाही. म्हणून बर्फ, पाऊस, धुकं असलं की खटका हाताने डिपरवर न्या. अप्पर लावू नका. प्रकाश समोरच्या कणांवर आदळून परत आपल्याच डोळ्यांत येतो. मागचा लाल फॉगलॅम्प दाट धुक्यात किंवा हिमवर्षावात, शंभर मीटरपलीकडचं दिसेनासं झाल्यावरच लावा, आणि दिसू लागताच बंद करा. तो जवळजवळ ब्रेकलाइटएवढाच तेजस्वी असतो, स्वच्छ हवेत मागच्याला दिपवतो आणि तुम्ही ब्रेक दाबलेला त्याला कळत नाही.

कॅमेरे आणि सेन्सर यांच्याबद्दल एवढंच, की पुढच्या काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधला रडार बर्फाने झाकला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद पडते. डॅशबोर्डवर तसा इशारा आला तर तो वाचा आणि ती जागा पुसा.

उद्या सकाळी निघण्याआधी गाडी पाठमोरी एखाद्या भिंतीजवळ अंधारात उभी करा. डिपर लावा आणि मागच्या आरशात बघा, भिंतीवर लाल उजेड पडतोय का. ब्रेक दाबा, तो वाढतोय का. डावा-उजवा इंडिकेटर बघा. मग एक फडकं ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नको, डिकीतलं काढायचा कंटाळा येतो. चिखलबर्फाच्या रस्त्यावर दर तासा-दीड तासाने सुरक्षित जागी थांबा आणि गाडीभोवती एक फेरी मारा: पुढचे दोन दिवे, मागचे दोन, इंडिकेटर, नंबरप्लेट, आरसे, रिव्हर्स कॅमेरा. मला या फेरीला दोन मिनिटं लागतात. आणि त्याच फेरीत वायपरच्या पात्यावर धरलेला बर्फ बोटांनी मोडून काढा.